शॉकअप कीं साधा चिमटा ?

शाळेच्या वार्षिकांत सायकलीच्या चिमट्यावर पानें खर्च करण्यासारखें काय आहे, असें आमच्या कांहीं वाचकांस वाटेल. कविता, सहलीचें वर्णन, परीक्षांचे निकाल, निवृत्त होणाऱ्या शिक्षकांस निरोप, हें सर्व ह्या अंकांत यथास्थित आहेच. परंतु ज्या वाहनावर बसून आमचे विद्यार्थी पावसापाण्यांतून रोज शाळेंत येतात, ज्यासाठीं पालक आपल्या मिळकतींतून बरीच रक्कम बाजूस काढतात, आणि ज्याच्या एका ढिल्या पेंचावर मुलाचे दांत व कपाळ अवलंबून असतें, त्याविषयीं शाळेनें एक शब्दहि बोलूं नये हें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. आमचें मत आरंभींच सांगून टाकतों. पुढें स्प्रिंगचा चिमटा असलेल्या ज्या सायकली आमच्या मुलांकडे आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचा तो चिमटा काढून त्या जागीं साधा, न हलणारा चिमटा बसविणें हें पैशाच्या, श्रमाच्या व सुरक्षिततेच्या दृष्टीनें हिताचें आहे. मात्र तें काम माप घेऊन झालें पाहिजे; अंदाजानें करावयाचें असेल तर न केलेलें बरें.

प्रथम शब्दांविषयीं. पुढच्या चाकाला दोहों बाजूंनीं धरणाऱ्या भागास जुने मिस्त्री चिमटा म्हणतात, नवे दुकानदार फोर्क म्हणतात. हल्लींच्या रुंद टायरांच्या सायकलींत ह्या चिमट्याचे पाय एकांत एक सरकणाऱ्या नळ्यांचे केलेले असतात व आंत स्प्रिंग असते. मुलें त्याला शॉकअप म्हणतात, आणि आम्हीहि येथें तोच शब्द वापरूं. जिच्या पुढें असा शॉकअप आहे व मागची फ्रेम मात्र ताठ आहे, तिला इंग्रजींत हार्डटेल असें नांव आहे. आमच्या शाळेच्या छपराखालीं सकाळीं उभ्या राहणाऱ्या सायकलींत ह्याच जातीच्या अधिक. त्यांतील एकेकीचें हँडल दाबून पाहावें. सायकल नवी असेल तर पुढचा भाग खालीं जातो आणि चेंडूसारखा उसळून वर येतो. दोन पावसाळे पाहिलेली असेल तर बहुधा तो जागचा हलतच नाहीं. नळ्यांवर तांबूस गंज चढलेला असतो, आणि रबरी टोपणाखालून चिखलाचें पाणी ओघळलेलें दिसतें. शॉकअप आहे, पण त्याचें काम संपलें आहे. वजन तेवढें शिल्लक राहिलें आहे.

हें वजन थोडेंथोडकें नव्हे. स्वस्त शॉकअपचें वजन दोन ते अडीच किलो, कधीं त्याहूनहि अधिक भरतें. साधा पोलादी चिमटा सुमारें एक ते दीड किलोचा असतो. पाठीवर दप्तर घेऊन चढावर सायकल मारणाऱ्या बारा-तेरा वर्षांच्या मुलास एक किलोचा फरक म्हणजे काय, हें ज्यांनीं त्या वयांत चढावर सायकल मारली आहे त्यांस सांगावयास नको. नाकापेक्षां मोती जड होऊं नये, असें आपल्या बायका म्हणतात. येथें मोती जड आहे, आणि तो खराहि नाहीं.

खरा कां नाहीं, हें नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांनीं पदार्थविज्ञानाच्या पुस्तकाशीं ताडून पाहावें. चाक दगडावर चढलें कीं स्प्रिंग दबते, व दबतांना ऊर्जा सांठविते. ही ऊर्जा कोठें तरी गेलीच पाहिजे. नाहींशी होणें हा तिचा स्वभाव नाहीं. स्प्रिंग ती परत फेकते, आणि सायकल उसळते. चांगल्या, महाग शॉकअपमध्यें ह्यासाठीं तेलाची योजना असते. चिमटा दबतांना व उलटतांना तें तेल बारीक छिद्रांतून ढकललें जातें, त्या ओढाताणींत ऊर्जेचें रूपांतर उष्णतेंत होतें, आणि चाक जमिनीस टेकलेलें राहतें. हादरा शोषून घेणें तें हेंच. स्वस्त चिमट्यांत बहुधा हें तेल नसतेंच. असते ती एकटी स्प्रिंग व तिच्याभोंवतीं प्लास्टिकचे कडे. ते कडे झिजले कीं नळ्या खडखडूं लागतात, पाणी आंत शिरतें, आणि गंज आपलें काम चोख करतो. उभें राहून पायडल मारणाऱ्या मुलाकडे बाजूनें पाहावें. प्रत्येक पायाबरोबर पुढचा भाग खालीं बसतो व वर येतो. त्याच्या पायांतील जोराचा कांहीं वाटा चाकाकडे न जातां स्प्रिंगला व्यायाम देण्यांत खर्च होतो. पुढचा ब्रेक दाबला कीं सायकल नाक खुपसते, हें आणखी निराळें.

येथें कोणी म्हणेल कीं, शॉकअपावांचून खडबडीत वाटेवर सायकल चालावयाचीच नाहीं. ही समजूत इतिहासाला धरून नाहीं. ज्या सायकलींस आज माउंटन बाइक म्हणतात त्यांचा उगम अमेरिकेंत, कॅलिफोर्निया संस्थानांतील मॅरिन परगण्यांत, टॅमलपायस नांवाच्या डोंगराच्या आसपास झाला. तेथील कांहीं तरुण दुसऱ्या महायुद्धापूर्वींच्या जड, फुगीर टायरांच्या सायकली भंगारांतून उचलून आणीत व त्यांवर बसून मातीच्या वाटांनीं डोंगर उतरत. १९७६ सालच्या ऑक्टोबरांत फेअरफॅक्स गांवाजवळ त्यांनीं अशा उताराची पहिली शर्यत लावली. सुमारें दोन मैलांत तेराशें फूट उतरावयाचें, आणि ब्रेक म्हणाल तर मागच्या चाकांतील, पायडल उलटें दाबून लागणारा. उतार संपेपर्यंत तो ब्रेक इतका तापे कीं आंतील ग्रीस जळून धूर निघे व प्रत्येक फेरीनंतर तें पुन्हां भरावें लागे. म्हणून त्या वाटेचें नांवच ‘रीपॅक’ पडलें. ह्या मंडळींतील जो ब्रीझ ह्यानें १९७७ सालीं अशा वापरासाठीं मुद्दाम नवी फ्रेम बांधली. १९८१ सालीं ‘स्टंपजंपर’ नांवाची सायकल कारखान्यांत मोठ्या संख्येनें तयार होऊं लागली. ह्या दोन्ही सायकलींचा चिमटा साधा व ताठ होता. पॉल टर्नर ह्यानें रॉकशॉक्स नांवाची कंपनी काढून तेलाचा व हवेचा शॉकअप बाजारांत आणला तो १९८९ च्या सुमारास. म्हणजे डोंगरांतील सायकलीनें आपल्या आयुष्याचीं पहिलीं दहा-बारा वर्षें, आणि तीं कांहीं सोपीं वर्षें नव्हेत, साध्या चिमट्यावर काढलीं.

त्यानंतर शॉकअप जिंकला, हेंहि मोकळ्या मनानें मान्य केलें पाहिजे. १९९० सालीं कोलोरॅडोंतील ड्युरँगो येथें जागतिक अजिंक्यपदाची शर्यत झाली, तेव्हांपासून डोंगरउताराच्या शर्यतींत ताठ चिमटा मागें पडत गेला, आणि आज तीव्र उताराच्या शर्यतींत तो कोणी वापरीत नाहीं. जेथें चाकाखालीं गुडघ्याएवढे धोंडे येतात तेथें चांगल्या शॉकअपचें काम दुसरें कांहीं करूं शकत नाहीं. आमचा आक्षेप चांगल्या शॉकअपवर नाहींच. त्याच्या सोंगावर आहे.

परंतु ह्याच इतिहासांत एक उपकथा आहे, ती आम्हांस फार बोधप्रद वाटते. उत्तर फ्रान्समध्यें पॅरिस-रूबे नांवाची शर्यत १८९६ पासून होत आली आहे. सुमारें अडीचशें किलोमीटरांची ही शर्यत. तींत मधून मधून जुन्या दगडी फरसबंदीचे रस्ते येतात, आणि ते असे कीं आमच्या तालुक्याच्या रस्त्यास त्यांच्याशेजारीं गुळगुळीत म्हणावें. १९९२ व १९९३ ह्या दोन्ही वर्षीं ही शर्यत जिल्बेर द्युक्लो-लासाल ह्या फ्रेंच गड्यानें जिंकली. त्याच्या सायकलीस पुढें शॉकअप होता. १९९४ सालीं आंद्रे चमिल जिंकला. त्याच्याहि सायकलीस तो होता. तीन वर्षें लागोपाठ असा पुरावा मिळाल्यावर सर्व संघ शॉकअपच घेतील असें कोणासहि वाटलें असतें. पण झालें उलटें. थोड्याच वर्षांत तो त्या शर्यतींतून नाहींसा झाला, आणि आज तेथें धावणारे जगांतील उत्तमोत्तम सायकलपटू ताठ चिमट्यावरच त्या दगडांवरून जातात. बदलला तो टायर. त्या काळीं पंचवीस मिलिमीटरांच्या आसपास असणारा टायर आज तीस मिलिमीटर व त्याहून रुंद झाला, आणि त्यांतील हवा कमी झाली. ज्या कामासाठीं स्प्रिंग, तेल, नळ्या व त्यांचें वजन वाहिलें जात होतें, त्यांतील पुष्कळसें काम टायरांतील हवेनें फुकट करून दिलें.

हवा ही स्प्रिंगच आहे, हें आपण विसरतों. तिला गंज चढत नाहीं, आणि ती बिघडली तर पंपाच्या चार झटक्यांत दुरुस्त होते. हवेच्या टायराचें पेटंट १८४५ सालीं रॉबर्ट टॉमसन ह्यानें घेतलें होतें, पण त्या वेळीं सायकलच नव्हती, आणि ती कल्पना विस्मरणांत गेली. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जॉन बॉइड डनलप ह्या गुरांच्या डॉक्टरानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं हवेचा टायर केला. मुलास दगडी रस्त्यावर हादरे बसूं नयेत एवढाच त्याचा हेतु. म्हणजे ह्या सर्व उद्योगाच्या मुळाशीं एका बापाची कळकळ आहे. आमच्या पालकांस ती परकी वाटूं नये.

आतां आमच्या छपराखालीं येऊं. गेल्या वर्षीं आठवींतील एका विद्यार्थ्याच्या सायकलीचा शॉकअप पावसाळ्यानंतर अडकून बसला, आणि तोहि वांकडा. एक पाय अर्धा दबलेला, दुसरा त्याच्या जोरानें पिळलेला. हँडल एका बाजूस ओढ घेई. वडील टेम्पोवर चालक आहेत. जेथून सायकल घेतली त्या दुकानीं सांगण्यांत आलें कीं, हा भाग सुटा येत नाहीं, सायकल जुनी झाली, नवी घ्या. सायकल तीन वर्षांचीहि नव्हती. फ्रेम धड, चाकें धड, साखळी धड. एका निरुपयोगी अलंकारापायीं सबंध सायकल टाकावयाची! वडिलांनीं तसें केलें नाहीं. बाजारांतील मिस्त्रीकडून साधा चिमटा बसवून घेतला.

पहिल्या आठवड्यांत वर्गबंधूंनीं त्या सायकलीचें नांव ‘दूधवाल्याची सायकल’ असें ठेवलें. आमच्या कानावर तें आलें, आणि खरें सांगावयाचें तर हा लेख लिहिण्याचें कारण चिमट्यापेक्षां तें नांवच अधिक आहे. दूधवाल्याची सायकल ही काय टिंगलेची वस्तु आहे ? दोहों बाजूंस भरलेल्या किटल्या लटकवून ती पहाटे निघते, खड्ड्यांतून जाते, आणि वर्षानुवर्षें जाते. तिच्या साध्या चिमट्यानें कधीं तक्रार केलेली नाहीं. तारवाले, टपालवाले, खेडोपाडीं उपासनेस जाणारे आमच्या मंडळ्यांचे पाळक, ह्या सर्वांचीं आयुष्यें साध्या चिमट्यावर गेलीं. ज्या मुलाच्या घरीं नवी सायकल घेण्याची ऐपत नाहीं त्यानें काटकसरीनें व अकलेनें एक गोष्ट दुरुस्त केली, आणि ज्यांचे शॉकअप गंजून अडकले आहेत त्यांनीं त्यास हंसावें, हें आम्हांस पाहवलें नाहीं. पालकहो, हें हंसूं मुलांच्या मनांत जन्मतः नसतें. दुकानांत ‘हिला शॉकअप नाहीं, ही गरिबाची’ असें आपण मुलादेखत बोलतों, तेथून तें येतें.

शब्बाथशाळेंत जाणाऱ्या मुलांस दाविदाची गोष्ट ठाऊक आहे. गल्याथाशीं लढावयास निघालेल्या त्या मेंढपाळ मुलाच्या अंगावर शौल राजानें आपलें चिलखत चढविलें, पितळी टोप घातला. दावीद दोन पावलें चालून पाहतो, आणि तें सर्व उतरून ठेवतो; त्याची त्यास संवय नव्हती. चिलखत वाईट होतें असें नाहीं. तें दुसऱ्याच्या मापाचें व दुसऱ्याच्या कामाचें होतें. आणि त्यानें तें लाजून अंगावर ठेवलें नाहीं, ह्याकडे आम्ही मुलांचें लक्ष वेधतों.

तथापि दाविदानें ओढ्यांतले धोंडे पारखून घेतले होते, पहिला हातास लागला तो उचलला नव्हता. चिमट्याचेंहि तसेंच. वर सांगितलेल्या सायकलीस मिस्त्रीनें प्रथम आपल्या दुकानांत पडलेला एक जुना चिमटा बसविला. चाक त्यांत बसलें, नट आवळले गेले, म्हणून काम झालें असें त्यास वाटलें. पण मुलगा सांगूं लागला कीं हँडल फार चपळ झालें आहे, उतारावर सायकल थरथरते, आणि वळतांना पायडल जमिनीस लागतें. आम्हीं वर्गांतील मुलांस हाताशीं घेऊन मापें घेतलीं, तीं येथें देतों, कारण ह्यांत भूमितीचा एक सुंदर धडा आहे.

चिमट्याची लांबी मोजावयाची ती चाकाच्या आंसाच्या मध्यापासून वर, जेथें चिमट्याचा खांदा फ्रेमच्या मानेखालील बेअरिंगास टेकतो तेथपर्यंत. मान म्हणजे हँडलाखालची आंखूड नळी, जिच्यांतून चिमट्याचा दांडा वर जातो. त्या मुलाचा शॉकअप अडकलेला असल्यानें त्याचें माप खरें नव्हतें. म्हणून त्याच बनावटीच्या दुसऱ्या एका मुलाच्या चालू शॉकअपचें माप घेतलें. तें ४५० मिलिमीटर भरलें. पण हें झालें कोणी बसलेलें नसतां. स्वार बसला कीं शॉकअप आपल्या एकंदर हालचालीच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याइतका आपोआप खालीं बसतो. येथें हालचाल ८० मिलिमीटरांची, म्हणजे सुमारें २० मिलिमीटर खालीं. फ्रेम बांधणारानें जें माप मनांत धरलें होतें तें अशा रीतीनें ४३० च्या आसपास. मिस्त्रीनें बसविलेला चिमटा ३८५ मिलिमीटरांचा होता. साडेचार सेंटिमीटर आंखूड !

चिमटा तिरपा असल्यामुळें पुढचा भाग प्रत्यक्षांत सुमारें ४२ मिलिमीटर उतरला. दोन्ही चाकांच्या आंसांमधील अंतर १०५० मिलिमीटर होतें. बेचाळीस भागिले एक हजार पन्नास, म्हणजे ०.०४; आणि इतक्या उताराचा कोन होतो दोन अंशांहून थोडा अधिक. सबंध सायकल पुढें तेवढी झुकली, म्हणून मानेचा कोन तेवढा उभा झाला. मान उभी झाली कीं हँडल चंचल होतें. सरळ राहण्याचा पुढच्या चाकाचा जो स्वाभाविक कल असतो तो घटतो. पायडलांची धुरी मागच्या चाकापासून एकंदर अंतराच्या सुमारें दोन-पंचमांशावर असते, म्हणून ती ४२ च्या दोन-पंचमांशानें, म्हणजे १७ मिलिमीटर खालीं आली. पायडल कां लागत होतें, तें गणितानें सांगितलें. ढोबळ नियम असा ध्यानांत ठेवावा कीं, वीस मिलिमीटरांचा फरक म्हणजे जवळजवळ एक अंश. पांच-दहा मिलिमीटर इकडेतिकडे झाल्यास कांहीं बिघडत नाहीं. फार लांब चिमटाहि वाईट. मान मागें झुकते, चढावर पुढचें चाक भरकटतें, आणि मानेच्या सांध्यावर जादा ताण येऊन फ्रेम तडकण्याची भीति असते. हे आंकडे कागदावर मांडून मुलांनीं मिस्त्रीस दाखविले. त्या भल्या माणसानें ते नीट ऐकून घेतले आणि योग्य लांबीचा चिमटा मागवून जादा मजुरी न घेतां बसवून दिला. शॉकअपच्या जागीं बसविण्यासाठीं मुद्दाम लांब केलेले साधे चिमटे मिळतात. मागतांना तसें सांगावें लागतें.

लांबीखेरीज आणखी कांहीं गोष्टी पाहावयाच्या असतात. दांड्याची जाडी मानेशीं जुळली पाहिजे. सध्यांच्या पुष्कळ सायकलींत ती वरपासून खालपर्यंत २८.६ मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचास थोडी कमी असते; कांहींत खालीं दीड इंचापर्यंत रुंदावत जाते. सरळ दांडा रुंद मानेंत जोडकडें घालून बसवितां येतो. रुंद दांडा सरळ मानेंत कोणत्याहि उपायानें जात नाहीं. जुन्या पद्धतीच्या दांड्यास वर आटे असून तो नटानें धरलेला असतो, नव्यास आटे नसतात. ही दोन कुळें एकमेकांत मिसळत नाहींत. ब्रेक चकतीचा असेल तर चिमट्यावर चकतीच्या ब्रेकाचे कान हवेत, रिमवर लागणारा असेल तर त्याच्या खुंट्या हव्यात. चाकाचा व्यास आणि आंसाची जात हीं तर उघडच आहेत. दांडा कापतांना प्रथम सर्व भाग चढवून खूण करावी, आणि थोडा लांबच ठेवावा. कापलेली नळी पुन्हां वाढत नाहीं.

एक गोष्ट मात्र आम्ही हात जोडून सांगतों. चिमट्यास ब्रेकाचा कान नाहीं म्हणून वेल्डिंग करून तो डकविणें, किंवा खर्च वांचविण्यासाठीं जुन्या शॉकअपच्याच नळ्या वेल्डिंगनें पक्क्या करून ‘झाला साधा चिमटा’ म्हणणें, असे उपाय कोणी कोणी सुचवितात. असें कधींहि करूं नये. पातळ नळी तापविल्यानें तिचें बळ जातें, आणि चिमटा मोडतो तेव्हां आधीं सूचना देऊन मोडत नाहीं. मागचें चाक निसटलें तर मनुष्य बसतो. पुढचा चिमटा मोडला तर तो तोंडावर पडतो. ह्या बाबतींत स्वस्ताई नको.

हादऱ्यांचें काय, हा प्रश्न राहिला, आणि तो रास्त आहे. साध्या चिमट्यावर पहिल्या आठवड्यांत मनगटें दुखतात. ह्याला उपाय तीन, आणि तिन्ही स्वस्त. पहिला टायराचा. फ्रेमींत व चिमट्यांत जागा असेल तर पुढें थोडा रुंद टायर घालावा, आणि टायरावर जो सर्वांत मोठा आंकडा छापलेला असतो तितकी हवा कोंबूं नये. पंपवाल्यास ‘टाईट कर’ सांगण्याची आमच्या मुलांस खोडच आहे. पंचेचाळीस-पन्नास किलोच्या मुलास दोन इंचांहून रुंद टायरांत तीस पौंडांच्या आसपास हवा पुरते. फारच कमी केली तर मात्र दगडावर रिम आपटून ट्यूब कापली जाते. दुसरा उपाय मुठींचा; जाड, मऊ रबराच्या मुठी बसवाव्यात. तिसरा उपाय शरीराचा. खड्डा दिसला कीं बैठकीवरून किंचित् उठावें, कोंपर व गुडघे सैल ठेवावेत, हँडल घट्ट आवळूं नये. देवानें मनुष्यास जे सांधे दिले आहेत ते कोणत्याहि कारखान्याच्या शॉकअपपेक्षां सरस आहेत, परंतु बैठकीवर पोत्यासारखें बसून राहणारास त्यांचा उपयोग नाहीं. साध्या चिमट्यावर बसणारा मुलगा रस्ता वाचावयास शिकतो, असा आमचा अनुभव आहे. खड्डा चुकवितां येतो, ही गोष्ट शॉकअपवाल्यांच्या फार उशिरां ध्यानीं येते.

खर्चाविषयीं दोन शब्द. साधा पोलादी चिमटा ही माफक किंमतीची वस्तु आहे. ॲल्युमिनियमचा हलका असतो, पण हादरे हातांपर्यंत अधिक पोंचवितो असें पुष्कळ सायकलस्वार म्हणतात. कार्बनचा चिमटा फारच हलका, आणि त्याची किंमत मुलाच्या सबंध सायकलीहूनहि पुष्कळदां अधिक. कांहीं वरच्या वर्गांतील विद्यार्थी त्याचीं चित्रें वहींत चिकटवून ठेवतात, त्यांस आम्ही चार आण्यांच्या कोंबडीची व बारा आण्यांच्या मसाल्याची आठवण करून देतों. शॉकअपची हौस उतरली आणि तिच्या जागीं कार्बनची बसली, तर मोती बदलला एवढेंच. ज्या पालकांस यंदा नवी सायकल घ्यावयाची आहे त्यांनीं दुकानांत पहिल्यापासूनच साध्या चिमट्याची, रुंद टायरांची सायकल मागावी. अशा सायकली मिळतात. दर्शनीं मांडलेल्या नसतात इतकेंच.

आणि कोणीं हा बदल करूं नये, हेंहि सांगितलें पाहिजे. ज्याचा शॉकअप तेलाचा व चांगला आहे, आणि जो सुटींत खरोखरच डोंगरवाटांनीं उतरतो, त्यानें तो काढूं नये. दरवर्षीं उघडून स्वच्छ करवून घ्यावा. ज्याची सायकल अजून कारखान्याच्या हमींत आहे त्यानें आधीं विचारून घ्यावें, कारण चिमटा बदलल्यास हमी बहुधा राहत नाहीं. ज्याचें मनगट पूर्वीं मोडलेलें आहे त्यानें डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बाकीच्यांनीं मिस्त्रीकडे जातांना मुलास बरोबर न्यावें. मुलीची सायकल असेल तर मुलीस न्यावें. कित्येक घरीं मुलीची सायकल भाऊच नेऊन आणतो, आणि ती कोठें आवळली आहे हें तिला कधींच कळत नाहीं. ही रीत बदलावी.

काम झाल्यावर घरीं न्यावयापूर्वीं पाहावयाचें तें असें. नव्या पद्धतीच्या सायकलींत प्रथम वरच्या टोपणाचा पेंच आवळून मानेंतील बेअरिंग बसवितात, आणि मग बाजूचे पेंच आवळून हँडल पक्कें करतात. टोपणाचा पेंच हँडल धरून ठेवीत नाहीं, बाजूचे धरतात, म्हणून ते विसरले गेले तर अनर्थ होतो. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढेंमागें हलवावी. मानेशीं टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलें आहे. पुढचें चाक उचलून हँडल एका बोटानें ढकलावें. तें अडखळत फिरलें तर फार आवळलें आहे. चाक फिरवून ब्रेक घासतो कीं काय तें पाहावें, आणि ब्रेकाची तार हँडल दोहों बाजूंस पूर्ण वळवून ओढली जात नाहीं ना, हेंहि पाहावें. साधा चिमटा ठेंगणा झाल्यास जुनी तार लांब पडते व टायरास लागते. पहिले चार दिवस शाळेच्या मैदानावर व गल्लींतच चालवावी, डोक्यावर शिरस्त्राण घालून. आठव्या दिवशीं सर्व पेंचांस पुन्हां एकदां पाना लावून पाहावा. नवें बसविलेलें बेअरिंग तोंवर किंचित् खालीं बसलेलें असतें.